मागच्या खोलीची लाइन

आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्राचार्य महोदय, वीजपुरवठा खात्यातून मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे अभियंतासाहेब, व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला बसलेले आणि गेली बत्तीस वर्षं मला मोजून स्क्रू देणारे आपले भांडारपाल, समोर बसलेले माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी, आजचे आणि कालचे विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि मागे त्या ध्वनिक्षेपकाच्या डब्याशी उभं राहून मला मघापासून ‘जवळ बोला, जवळ बोला’ अशी खूण करणारे गृहस्थ, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

गेला तासभर माझ्याविषयी इतकं गोड बोललं गेलं, की मधेच मला वाटलं, हे सर कोण आहेत, एकदा भेटायला हवं त्यांना. अध्यक्षांनी माझी शिस्त सांगितली. अभियंतासाहेबांनी माझा अभ्यास सांगितला. भांडारपालांनी तर माझा स्वभाव प्रेमळ असल्याचं सांगितलं. त्यांच्याकडून एक जादा टेप-रीळ मागायला जाताना माझ्या छातीत किती धडधडायचं, ते मला ठाऊक!

पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी आहे, ती तुमच्या लक्षात आली असेल. तिच्यावर ‘सरांच्या पत्नी’ अशी चिठ्ठी लावलेली आहे. सकाळपासून सहा जणांनी मला विचारलं, ‘वहिनी नाही आल्या? बरं नाही का?’ त्या ठणठणीत आहेत. त्या का आल्या नाहीत, ते मी सांगणार आहे, पण जरा वळसा घेऊन सांगेन. तार सरळ रेषेत कधी जात नाही, हे मीच तुम्हाला शिकवलंय ना?

आधी या सन्मानपत्राबद्दल. चौकट सुंदर आहे, अक्षर सुंदर आहे. पण तिसऱ्या ओळीत असं छापलंय, की ‘चौतीस वर्षांच्या सेवेत सरांच्या हातून वायरिंगची एकही चूक घडली नाही.’ टाळ्या पडल्या तेव्हा मी खाली मान घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला असेल. पण मी आयुष्यभर तुमची वायरिंगच्या हिशोबाची पत्रकं तपासली. चुकीचं पत्रक हातात आलं की गप्प बसायची मला सवय नाही. मग ते माझ्याच नावाचं आहे म्हणून आज कसा गप्प बसू? तेव्हा अध्यक्ष महोदय, आपल्या परवानगीने ती तिसरी ओळ मी दुरुस्त करतो. त्यासाठी दहा मिनिटं लागतील.

तुम्ही माझ्या पाठीमागे मला ‘वरची साईज’ म्हणता, हे मला माहीत आहे. पहिल्याच बॅचने ठेवलेलं नाव आहे ते. घरातली लाइन पुढे वाढवायची असेल, तर तार किती जाडीची घ्यायची? दीड चौरस मिलिमीटरची, अडीचची, की चारची? या एका प्रश्नावर मी तुमचं डोकं दोन-दोन महिने खाल्लं. पत्रकावर तीन रकाने. पहिला, किती ओढणार? म्हणजे त्या खोलीत काय काय चालणार, आणि एकाच वेळी काय चालणार. दुसरा, किती लांब जाणार? तो दोरी घेऊन मोजायचा, भिंतीवर चढायचं, दारावरून वळायचं, खाली उतरायचं, प्रत्येक वळणावर दोरीला गाठ. आणि तिसरा, जो नवखा माणूस हमखास विसरतो, तो म्हणजे मागे काय आहे? जिथून लाइन घेताय, तिथली जुनी तार केवढी, आणि तिच्या डोक्यावर एमसीबी, म्हणजे जास्त ओढलं की आपोआप पडणारं ते बटण, कितीचं? पुढे मनगटाएवढी तार जोडलीत आणि मागे दोऱ्याएवढी असली, तर तुमची लाइन दोऱ्याएवढीच धरायची. आणि हिशोब दोन साईजच्या मधे अडकला तर? बरोबर, वरची घ्यायची. अजून पाठ आहे हं तुमचं!

पत्रकाखाली दोन सह्या. एक करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. कार्यशाळेच्या दाराशी मी लाल रंगाने लिहून ठेवलंय, ‘जागा पाहिल्याशिवाय सही नाही.’ प्राचार्यांनी दोनदा भिंत रंगवून घेतली आणि दोन्ही वेळा मी ते पुन्हा लिहिलं. तपासणाऱ्याने स्वतः जाऊन पाहायचं, दोरी लावायची, मगच पेन काढायचं. आणि तोवर, तार ज्या पट्टीतून जाते, त्या पट्टीचं झाकण बसवायचं नाही. तार उघडी दिसली पाहिजे.

बारा वर्षांपूर्वीच्या बॅचमध्ये एक मुलगी होती. जुन्या लोकांना आठवत असेल. तिची पत्रकं तपासताना मला लाल पेन लागायचं नाही. ती माझी मुलगी. घरात तिला आम्ही ‘टेस्टर’ म्हणायचो, कारण तीन-चार वर्षांची असताना माझ्या खिशातला टेस्टर पळवून ती घरभर भिंतींना लावत हिंडायची आणि म्हणायची, ‘इथे नाही. इथे पण नाही.’ वर्गात मात्र तिने मला कधी ‘बाबा’ म्हटलं नाही. ‘सर’ म्हणायची, आणि घरी आल्यावर पहिलं वाक्य असायचं, ‘बाबा, आज सर फार ओरडले हो.’

आमच्या घराला मागे एक छोटी खोली आहे. दोन खिडक्या, उजेड चांगला. माझ्या पत्नीचं शिलाईचं काम तिथे चालायचं. पडदे, उशांचे अभ्रे, मुलांचे कपडे. तिथे वीज नव्हती. ती म्हणाली, ‘एक दिवा आणि मशीनपुरतं एक बटण द्या.’ मी बोळातल्या दिव्याच्या पॉइंटवरून लाइन पुढे नेली. कार्यशाळेत शिकवून उरलेले दीडच्या तारेचे तुकडे घरी पडले होते, ते वापरले. मागची जुनी लाइन दिव्यांची होती, एकची. दोरी लावली नाही. पत्रक भरलं नाही. स्वतःच्या घरात कोण पत्रक भरतो? डोळ्यांनी माप घेतलं आणि तासाभरात काम उरकलं.

मग मशीनच्या शेजारी इस्त्री आली. थंडीत तिचे गुडघे दुखायचे म्हणून हीटर आला. इस्त्री आणि हीटर एकदम चालू झाले, की बोर्डावरची दहा अँपिअरची एमसीबी पडायची. ती इस्त्री हातात धरून ओरडायची, ‘अहो, गेली पुन्हा!’ साध्या माणसाची एमसीबी पडली तर तो बिचारा वायरमनला बोलावतो. वायरमनची पडली तर त्याच्या खिशात मोठी असते. मी दहाची काढली आणि वीसची बसवली. त्यानंतर ती कधी पडली नाही. पत्नी म्हणाली, ‘बघा, किती सोपं होतं!’ आणि मी हसलो.

विद्यार्थ्यांनो, हे तुमच्यापैकी कुणी केलं असतं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. तार तीच ठेवून एमसीबी मोठी करायची, म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवायचं.

मुलीने ते एका रविवारी पाहिलं. तिने पत्रक घेतलं, दोरी घेतली आणि दुपारभर घरात चढ-उतार करत बसली. संध्याकाळी चहाच्या वेळी भांडारपाल आमच्याकडे आले होते. आठवतंय ना तुम्हाला? तुमच्यादेखत तिने ते पत्रक माझ्यासमोर ठेवलं. पहिला रकाना, तेरा अँपिअरच्या वर. तिसरा रकाना, मागे एकची तार, एमसीबी वीसची. खाली लाल पेनने ‘नापास’, आणि तपासणाऱ्याच्या जागी तिची सही. भांडारपाल हसले. वाईट हेतूने नाही हो, कौतुकाने हसले. ‘वरच्या साईजला घरात वरचढ भेटली,’ म्हणाले. पण मला ते झोंबलं. मी म्हणालो, ‘माझ्या घरात माझी तपासणी करायला तुला कोणी नेमलं? आधी एक घर उभं करून दाखव, मग सह्या कर.’

ती म्हणाली, ‘बाबा, घर कोणाचं हे तारेला कळत नाही.’

पत्रक मी चुरगाळून टाकलं. पुढच्या महिन्यात तिला परगावी नोकरी लागली आणि ती गेली. मी स्टेशनवर पोचवायला गेलो, बॅग उचलून आत ठेवली, आणि खिडकीतून तिला सांगितलं, की नव्या जागी खोली घेशील तर आधी बोर्ड उघडून बघ. तिने मान हलवली. त्या दिवशी तरी मी घरी येऊन ती वीसची काढायची होती. नाही काढली. आज बदलू, उद्या बदलू, असं करत हिवाळा आला.

एका दुपारी, जेवणानंतर, पत्नी पडद्यांच्या मोठ्या कामाला बसली होती. हीटर चालू, इस्त्री चालू. तारेचे तुकडे जिथे जोडले होते, त्या जोडाच्या डब्याखाली कापडाचा गठ्ठा होता. तार किती वेळ तापत होती कोण जाणे. वीसची एमसीबी शांत उभी होती, तिच्या दृष्टीने काहीच जास्त झालेलं नव्हतं. गठ्ठ्याने पेट घेतला. गिऱ्हाइकाचं कापड म्हणून माझ्या बायकोने ते हाताने ओढलं. उजवा हात. आजही तिची दोन बोटं पुरती मिटत नाहीत. सुई धरते, पण कात्री डाव्या हाताने चालवते.

मला इथे, कार्यशाळेत, निरोप आला. मी दवाखान्यात गेलो, तिला पाहिलं, डॉक्टरांशी बोललो. मुलीला फोन केला, ती निघाली. आणि ती पोचायच्या आत मी काय केलं असेल? मी घरी गेलो. बोर्ड उघडला. वीसची काढून खिशात टाकली आणि दहाची बसवली.

हे मी आजवर तोंडाने कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतोय.

मुलगी दवाखान्यात आईजवळ बसली. मग मला बाहेर बोलावून विचारलं, ‘बाबा, कशामुळे झालं?’ मी म्हणालो, ‘इस्त्री खराब होती. स्वस्तातली होती, मी तिला सांगत होतो.’ म्हणजे खोटं बोललो ते बोललो, वर भाजलेल्या बाईवर ढकललं. ती आईचे कपडे आणायला घरी गेली, मी पाठोपाठ. तिने बोर्डाचं झाकण उघडलं. सात एमसीबी रांगेत. सहांवर कित्येक वर्षांची धूळ. एक स्वच्छ, चकचकीत. तिने हळूच झाकण लावलं आणि म्हणाली, ‘बाबा, या एकटीवरच धूळ नाही.’

माझ्याशी तिचं ते शेवटचं वाक्य. त्याला अकरा वर्षं झाली.

ती आईला दर आठवड्याला फोन करते. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकतो. ‘हो, बरे आहेत. हो, गोळ्या घेतात. नाही, अजून तसेच आहेत.’ तसेच म्हणजे कसे, हे मी कधी विचारलं नाही. फोन ठेवायच्या आधी पत्नी माझ्याकडे बघते, मी पेपराकडे बघतो. एकदा ती भडकून म्हणाली, ‘मी काय तुमचा जोडाचा डबा आहे? दोघांनी सारखं माझ्यातूनच जायचं?’ मुलगी आता मोठमोठ्या इमारतींच्या वायरिंगची तपासणी करते, हे मला आमच्याच एका माजी विद्यार्थ्याकडून कळलं. तो म्हणाला, ‘सर, फार कडक आहे हो ती, जागा बघितल्याशिवाय सहीच करत नाही.’ मी त्याला चहा पाजला, आणि तेच वाक्य निमित्त काढून त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मुलीची आठवण यायची तेव्हा मी काय करायचो, ते सांगायला लाज वाटते. बारा वर्षांपूर्वीच्या बॅचच्या फायली काढून तिची जुनी पत्रकं पुन्हा तपासायचो. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. सापडली नाही.

मागच्या खोलीची लाइन मी तोडून टाकली होती. शिलाई पुढच्या खोलीत आली, मागची खोली अंधारीच राहिली. चार महिन्यांपूर्वी माझ्या निवृत्तीचं पत्र आलं. त्या संध्याकाळी पत्नीने चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला. चुरगाळून पुन्हा सरळ केलेला, इस्त्री केलेला. लाल पेनने ‘नापास’. अकरा वर्षं तिने तो मशीनच्या खणात जपला होता. म्हणाली, ‘सुटायच्या आधी एवढं एक काम पुरं करा. मला इस्त्रीचं काय ते तेव्हापासून ठाऊक आहे. मला काही सांगू नका. जिला सांगायचं तिला सांगा.’

मग मी काम केलं. या वेळी बोळातल्या दिव्याच्या पॉइंटवरून नाही, थेट मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन. दोरी लावली. दर वळणावर गाठ. सव्वीस मीटर. दिवा, मशीन, इस्त्री, हीटर, मिळून तेराच्या वर अँपिअर. अडीचची चालली असती. चारची घेतली. मागे सोळाची एमसीबी. नवं पत्रक भरलं. त्यात खाली एक रकाना असतो, तुम्ही तो नेहमी कोरा सोडता, ‘काम पुन्हा करण्याचे कारण’. तो मी भरला. लिहिलं, ‘पूर्वीची तार बारीक होती. एमसीबी मोठी होती. अपघातानंतर ती मी बदलून लपवली. इस्त्रीत दोष नव्हता. चूक माझी.’ करणाऱ्याच्या जागी सही केली, तपासणाऱ्याची जागा मोकळी ठेवली, आणि मुलीच्या पत्त्यावर टपालाने पाठवून दिलं. सोबत पत्र नाही. काय लिहिणार? मला पत्रकच लिहिता येतं.

तीन आठवडे उत्तर आलं नाही. या काळात कार्यशाळेत मी तुमच्यावर विनाकारण ओरडलो असेन, तर त्याचं कारण हे होतं.

दहा दिवसांपूर्वी पाकीट आलं. आत माझंच पत्रक. सही नव्हती. ‘लांबी’ या रकान्याला लाल गोल, आणि बाजूला तिच्या अक्षरात लिहिलेलं, ‘बोळातल्या कपाटाचा चढ-उतार धरलेला दिसत नाही. पुन्हा मोजावे.’

मित्रहो, ते कपाट पाच वर्षांपूर्वीच आम्ही बोळातून पुढच्या खोलीत नेलं. तिला माहीत नाही. तिच्या डोळ्यांपुढे घर आहे ते अकरा वर्षांपूर्वीचं, आणि त्यात ते कपाट अजून जिथल्या तिथे आहे! तो लाल गोल बघून मी रडलो. पत्नी म्हणाली, ‘कळवून टाका, कपाट हलवलंय म्हणून.’ मी म्हटलं, ‘नको. कपाट परत तिथे नेऊ.’ तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता ही डॉक्टरला बोलावते. मग तिने पदर खोचला. तिचा एक हात अधू, माझी कंबर अधू. अर्धा दिवस लागला आम्हाला. कपाट भिंतीला टेकवलं, पट्टी त्याच्यावरून चढवली आणि उतरवली, जुना तुकडा काढून अखंड नवी तार ओढली. अठ्ठावीस मीटर. टोकाला चार व्होल्ट कमी पडतात, तेवढे चालतात. चारची पास होते. वरची साईज घेतलेली असली, की घरात असं एखादं कपाट मागे-पुढे झालं तरी निभावतं.

त्या पत्रकाच्या मागच्या बाजूला आणखी एक ओळ होती. ती मी उशिरा पाहिली. ‘जागा पाहिल्याशिवाय सही नाही.’

माझंच वाक्य. कार्यशाळेच्या दाराशी लाल रंगात लिहिलेलं.

कधी येणार, ते लिहिलेलं नाही. तारीख नाही, वार नाही. पत्नी म्हणते, फोन करून विचारू का? मी म्हणतो, तपासणारा कधी सांगून येतो का? म्हणून गेले नऊ दिवस आम्ही दोघं एकाच वेळी घराबाहेर पडलेलो नाही. ती बाजारात गेली की मी घरी. मी इथे आलो की ती घरी. अध्यक्ष महोदय, त्या खुर्चीचं कारण एवढंच आहे. आज माझा सत्कार आहे, पण मुलगी आजच आली आणि दाराला कुलूप दिसलं तर?

बोलण्याच्या भरात वेळेचं भान राहिलं नाही. ज्यांनी हा समारंभ आखला, ज्यांनी हार केले, खुर्च्या मांडल्या, ज्यांनी मनापासून चांगलं बोलून माझी चौतीस वर्षं मला परत दाखवली, त्या सगळ्यांचे मी हात जोडून आभार मानतो. भांडारपाल, त्या दिवशी तुम्ही हसलात म्हणून मी तुमच्यावर अकरा वर्षं मनात राग धरला. तुम्हाला पत्ताही नव्हता. तेवढं मला माफ करा. आणि हे सन्मानपत्र मी घरी नेणार आहे, पण तिसऱ्या ओळीवर लाल रेघ मारून.

चहाला थांबण्याचा आग्रह करू नका. पत्नी सकाळपासून एकटी दाराशी बसली आहे, आता पाळी माझी आहे. जाताना एकच विनंती. माझ्या हातून तुमचं काही राहून गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, कुठे मी हिशोबात चुकलो असेन, तर मनात ठेवू नका, घरी येऊन सांगा. पट्टीचं झाकण मी अजून बसवलेलं नाही.